कॅमेरा राहू दे, जॅक आहे का ते सांग

ऑफिसात, सोसायटीत, लग्नाकार्यात कुणी नवीन फोन घ्यायला निघालं की मला हमखास विचारतात, कारण कायम कानात वायर घालून फिरणारी बाई म्हणून मी जरा बदनामच आहे. अगं, गाणी ऐकायला कुठला फोन चांगला? आणि माझं उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. मी सांगते, पंधरा-वीस हजारांतला कुठलाही धड फोन घे, फक्त त्याला इयरफोनचं गोल भोक, म्हणजे जॅक, आहे का ते बघ, आणि वाचलेले पैसे कानात घाल. म्हणजे इयरफोनमध्ये. लोकांना वाटतं मी टाळतेय. टाळत नाहीये हो, खरंच एवढंच आहे, पण ते एवढंच का आहे हे उभ्याउभ्या सांगता येत नाही म्हणून आज लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

माझ्या जुन्या फोनची बॅटरी फुगली, मागचं झाकण एका बाजूने उचललं गेलं, आई म्हणाली आधी तो घराबाहेर काढ, फुटेल एखाद दिवशी. म्हणून जेलरोडला गेले. इंदूरबाहेरच्या मंडळींसाठी सांगते, आमच्याकडे मोबाईलचं जे काही असतं ते जेलरोडला, नवा फोन, जुना फोन, कव्हर, काच, चार्जर, दुरुस्ती, सगळं एका रस्त्यावर आणि गाडी लावायला जागा कुठेच नाही. दुकानात शिरल्याशिरल्या पोराने फोन पुढे केला, दीदी, पहले कैमरा देखो. म्हटलं भैया, मुझे गाने सुनने हैं. तर त्याचा चेहरा खुलला, अरे तो ये लो ना, डबल स्पीकर, एटमॉस, बेस सुनो बेस! आणि त्याने काउंटरवर फोन ठेवून फुल आवाजात एक धडामधुडुम गाणं लावलं, शेजारच्या दुकानातला माणूस पण वळून बघायला लागला. मी विचारलं, इसमें जैक है? जैक? अब जैक कौन लेता है दीदी, वायरलेस का जमाना है.

आता हा जो काउंटरवरचा डेमो आहे ना, त्याच्यावरून फोन निवडणारे लोक खूप आहेत आणि मला त्याचंच वाईट वाटतं. कारण फोनच्या स्पीकरमधून गाणं कसं येतं याचा आणि फोन गाण्यासाठी चांगला आहे की नाही याचा काही संबंध नाही. स्पीकर शेंगदाण्याएवढा असतो. तेवढ्या पडद्याला खालचे सूर हलवताच येत नाहीत, दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ गप्पच असतो. मग तो बेस येतो कुठून? तो येतो थोडा आपल्या डोक्यातून. म्हणजे मूळ स्वर कानाला मिळाला नाही तरी त्याचे वरचे जे स्वरांश असतात ते ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच गृहीत धरतो, म्हणून टेलिफोनवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो. सूर कळतो, पण वजन येत नाही.

आणि आमच्यासारख्या शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांना तर वजनच हवं असतं. बघा ना, समजा गायकाने काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सा धरलाय. मधला सा झाला साधारण १३८ हर्ट्झ. त्याच्या खालचा, म्हणजे मंद्र सप्तकातला सा, ६९. तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार पण तिथेच. डग्ग्याची घुमक पण त्याच आसपास. म्हणजे ख्याल ऐकताना ज्याच्यावर सगळी इमारत उभी असते तो पाया फोनच्या स्पीकरमधून मुळात बाहेरच येत नाही. येते काय तर तानपुऱ्याची वरची झणझण, तबल्याची टकटक आणि गायकाचा नाकातला भाग.

उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाणं लावून बघा एकदा. आमच्या गावाचं नाव घराण्याला मिळालं ते त्यांच्यामुळे, त्यामुळे मी जरा पक्षपाती आहे हे धरूनच चला. झूमरा ताल, चौदा मात्रा, लय इतकी संथ की नवीन माणसाला वाटतं रेकॉर्ड अडकली, आणि त्यात ते मंद्रात उतरतात ते अगदी सावकाश, एकेक स्वर खाली ठेवत. फोनच्या स्पीकरवर तुम्हाला फक्त कळतं की ते खाली गेले. बऱ्या इयरफोनवर तोच तुकडा लावला की त्या खालच्या स्वराला किती जागा आहे ते कळतं, श्वास कुठे घेतला ते कळतं, आणि मधे ते गप्प बसतात तेव्हा मागे तानपुरे चालूच आहेत हे ऐकू येतं. ती जी मधली शांतता आहे ना, ती मला फोनकडून हवी असते. इयरफोन लावल्यावर काही न वाजवता सूंऽऽ असा आवाज येत असेल तर तो फोन माझ्या कामाचा नाही, मग त्याचा कॅमेरा दोनशे मेगापिक्सेलचा असो. दुकानात मी करते ते एवढंच, माझे इयरफोन आणि माझं रेकॉर्डिंग घेऊन जाते, हळू भाग लावते आणि ऐकते. पोरगा कंटाळतो. कंटाळू दे.

तर जॅक. ३.५ मिलिमीटरचं ते गोल भोक. २०१६ मध्ये आयफोन ७ आला आणि त्याच्यातून अॅपलने ते काढून टाकलं, तेव्हा बाकीच्या कंपन्यांनी आधी खिल्ली उडवली आणि मग एकेक करून स्वतः तेच केलं. सॅमसंगच्या महागड्या फोनमधून नोट १० पासून, म्हणजे २०१९ ला जॅक गेला, २०२१ ला एस २१ बरोबर मेमरी कार्डाची जागा पण गेली. एलजीने व्ही सिरीजच्या फोनमध्ये खास गाण्यासाठी चार-चार डॅक (म्हणजे काय ते पुढे सांगते) घातले होते, चोखंदळ लोक अजून ते फोन सेकंडहँड शोधत असतात, पण २०२१ मध्ये कंपनीने फोनचा धंदाच बंद केला. सोनी अजून महागड्या एक्सपीरियाला जॅक देते, पण भारतात फोन विकत नाही. गंमत अशी की आता जॅक आणि कार्ड दोन्ही मिळतात ते स्वस्त आणि मधल्या किमतीच्या फोनमध्ये. लाखाच्या फोनमध्ये नाही, पंधरा हजारांच्या फोनमध्ये आहे. गाणं ऐकणाऱ्यासाठी हा बाजार उलटा लागलाय आणि मला त्याची अजिबात तक्रार नाही.

डॅक म्हणजे काय हे पण एका वाक्यात, फोनमध्ये गाणं आकड्यांत असतं आणि कानाला हवा हलायला हवी, त्या आकड्यांची वीज करणारी चिप म्हणजे डॅक. जॅक असलेल्या फोनमध्ये ती आत असते. जॅक नसेल तर ती दुसरीकडे कुठेतरी असावी लागते, डोंगलमध्ये नाहीतर ब्लूटूथच्या इयरबडमध्ये. आणि इथेच लोक फसतात. टाइप-सीचे डोंगल दोन जातीचे असतात. एकात स्वतःची चिप असते, तो कुठल्याही फोनला चालतो. दुसऱ्यात नुसती वायर असते, तो फक्त अशा फोनला चालतो जो टाइप-सीच्या भोकातून सरळ आवाज बाहेर देतो, आणि असे फोन आता थोडे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जेलरोडला सव्वाशे रुपयांत जो मिळतो तो बहुतेक दुसऱ्या जातीचा, घरी आणून लावला की फोन म्हणतो अॅक्सेसरी सपोर्टेड नाही आणि दुकानदार म्हणतो फोन में प्रॉब्लम है. घेताना पाकिटावर डॅक लिहिलंय का बघा, आणि तिथेच लावून बघा. चिपवाला चांगला डोंगल हजार-दीड हजारात येतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याच फोनच्या आतल्या जॅकपेक्षा सरस वाजतो. अॅपलचा छोटा पांढरा डोंगल त्याबाबत प्रसिद्ध आहे, पण अँड्रॉइड फोनला लावला तर बरेचदा आवाज कमी मिळतो, तेव्हा तो आयफोनवाल्यांनीच घ्यावा. आयफोन १५ पासून त्यांचं भोकही टाइप-सीच झालंय.

मग जॅकचा हट्ट कशाला, डोंगल घेऊन मोकळं व्हावं की? एक तर डोंगल हरवतो. माझ्या पर्समध्ये तर काहीही हरवतं. दुसरं म्हणजे डोंगल लावला की चार्जिंग बंद, आणि मी गाणं ऐकते तेव्हा बॅटरी नेमकी अकरा टक्के असते. तिसरं कारण रेडिओ. फोनमधला एफएम चालायला अँटेना लागते आणि ती अँटेना म्हणजे जॅकला लावलेली इयरफोनची वायर, वायर नाही तर रेडिओ नाही. २०२३ मध्ये आयटी मंत्रालयाने कंपन्यांना सांगितलं पण होतं की फोनमधलं एफएम बंद करू नका, पूर-वादळात नेटवर्क गेलं तर तेच उपयोगी पडतं. कंपन्यांनी किती मनावर घेतलं देव जाणे. आमच्या घरी मालवा हाउसचं, म्हणजे आकाशवाणी इंदूरचं, भारी प्रेम. आईची सकाळ विविध भारतीशिवाय होत नाही. शास्त्रीयवाल्यांना सांगून ठेवते, आकाशवाणीचं रागम नावाचं चोवीस तासांचं चॅनेल २०१६ पासून आहे, ते एफएमवर शोधू नका, न्यूज ऑन एआयआरच्या अॅपवर लागतं, फुकट.

ब्लूटूथला मी शिव्या घालते असा माझ्याबद्दल गैरसमज आहे. नाही घालत. सकाळी नेहरू पार्कला चालायला जाताना मी पण बडच लावते, वायर हाताला अडकून कान ओढला जातो ते कोणाला हवंय. फक्त काय होतं ते माहीत असावं. सीडीवरचं गाणं सेकंदाला १४११ किलोबिट एवढं असतं. ब्लूटूथची जी सगळ्यांना समजणारी भाषा आहे, एसबीसी, ती साधारण ३२८ पर्यंत जाते. सोनीची एलडॅक ९९० पर्यंत जाते आणि अँड्रॉइड ८ पासून ती अँड्रॉइडमध्येच आलीय, पण बडला पण ती यायला हवी, आणि बरेचदा दोन्हीकडे असूनही सेटिंगमध्ये बंद असते. ब्लूटूथमध्ये जाऊन बडच्या नावापुढच्या चक्रावर टिचकी मारा, एलडॅक किंवा एचडी ऑडिओ असं काहीतरी दिसेल, ते चालू करा. आयफोनमध्ये एलडॅक नाहीच, तो एएसी वापरतो आणि ती भाषा तो चांगली बोलतो. तेव्हा आयफोनवाल्याने एलडॅकचे बड महाग पैसे देऊन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तसंच ज्यांनी लॉसलेसचं, म्हणजे काही न गाळता पूर्ण गाणं देणारं सबस्क्रिप्शन घेतलंय आणि ऐकतात साध्या बडवर, त्यांनाही हेच, नळ मोठा लावला तरी पाइप तोच आहे.

रस्त्यावर मात्र नॉइज कॅन्सलिंगचे बड खरंच कामाचे. ते घालवतात तो आवाज खालचा, बसच्या इंजिनाचा घरघराट, गाडीचा घुं घुं. आणि खर्जाचा सा कुठे आहे म्हणालो आपण? तिथेच. म्हणजे आमच्या गावच्या एबी रोडवर साध्या बडवर तुम्हाला खर्ज ऐकूच येत नाही, तो बसच्या आवाजात बुडून जातो, मग तुम्ही आवाज वाढवता, आणि वाढवता म्हणजे सगळाच वाढतो, वरच्या स्वरांनी कान किटतात. घरघराट गेला की कमी आवाजात पण खालचं ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशोब आठवड्याला ८० डेसिबलचे चाळीस तास असा आहे, आणि आमच्या गावच्या हॉर्नवर मात करायला निघालात तर तो कोटा कधी संपला कळणार पण नाही. पण रस्ता ओलांडताना काढा हं ते. इथे लोक राँग साइडने हक्काने येतात.

हाय-रेस ऑडिओचं सोनेरी स्टिकर. ह्याच्यावर मला दुकानात भाषण ऐकवलं गेलं. स्टिकरचा अर्थ थोडक्यात असा की हे यंत्र चाळीस हजार हर्ट्झपर्यंतचं हाताळू शकतं. माणसाचा कान तरुणपणी वीस हजारापर्यंत, चाळिशीनंतर त्याच्या बराच अलीकडे थांबतो. आणि मी ऐकते काय? १९२५ च्या आधीच्या रेकॉर्डी तर भोंग्यात तोंड घालून गायलेल्या, विजेचा मायक्रोफोन पण नव्हता, त्यात तीन हजारांच्या वर फारसं काही उमटायचंच नाही. ७८ ची तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यात अख्खा राग कोंबायचा. ते गाणं हाय-रेस फोनवर लावा नाहीतर साध्या, खरखर तेवढीच सुंदर येणार. सोनेरी स्टिकरसाठी एक रुपया जास्त देऊ नका.

पैसे द्यायचे तर जागेसाठी द्या. माझ्याकडे गाणं फाइलींमध्ये आहे, नुसतं स्ट्रीमिंगवर नाही, त्याचं कारण काका. काकांनी नोकरीत असताना पगारातून कॅसेटी घेतल्या, रेडिओवरचं टेप करून ठेवलं, देवासला कुमारजींना, म्हणजे कुमार गंधर्वांना ऐकायला जायचे (१९४८ पासून कुमारजी देवासलाच होते, तास-सव्वातासाचा तर रस्ता), त्या सगळ्या गोतावळ्यातून कुठली कुठली खाजगी बैठकीची रेकॉर्डिंग गोळा झाली. हे कुठल्याच अॅपवर नाही. ते सगळं हळूहळू कॉम्प्युटरवर घेतलंय. ३२० किलोबिटच्या एमपीथ्रीला तासाला साधारण १४४ एमबी लागतात, फ्लॅक, म्हणजे काही न गाळता दाबलेली फाइल केली तर तीनशेच्या आसपास, म्हणजे शंभर तासांचं गाणं तीस जीबीत बसतं. तुमच्याकडे असा खजिना असेल तर कार्डाची जागा असलेला फोन घ्या, नाहीतर २५६ जीबीवाला. आणि कार्ड घेताना नीट बघून. बाजारात नकली कार्डं भरपूर, वर ५१२ लिहिलेलं असतं, आत ३२ असतं, फोन पण ५१२ दाखवतो, भरत राहतं भरत राहतं आणि मग जुन्या फाइलींवर नवीन चढत जातात. मला एकाने असंच चिकटवलं होतं, बिल मागितलं तर पुडीवर आकडा लिहून दिला. घेतल्यावर आधी पूर्ण भरून, परत वाचून बघायचं, त्यासाठी फुकटची सॉफ्टवेअरं आहेत, मगच मूळ कॅसेटीची कॉपी त्याच्यावर टाकायची.

आता ज्याच्यावर कुठलाही रिव्ह्यूवाला बोलत नाही ते. फोन गाणं मधेच मारतो. खरंच मारतो. विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल चालू आहे, स्क्रीन बंद आहे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी एकदम चिडीचूप. फोनला वाटतं हे अॅप उगाच मागे चालू आहे, बॅटरी खातंय, बंद करा. तीन-चार मिनिटांची गाणी ऐकणाऱ्याला हे चटकन जाणवत नाही, तो मधे मधे स्क्रीन चालू करत असतो. ख्याल ऐकणाऱ्याचं मात्र डोकं फिरतं. सेटिंगमध्ये अॅप्स, तुमचं प्लेअर, बॅटरी, तिथे अनरिस्ट्रिक्टेड. काही कंपन्या ते आणखी दोन-तीन ठिकाणी लपवतात, ऑटोस्टार्ट वगैरे नावाने, तेही चालू करायचं. दुकानात हे तपासता येत नाही, पण त्याच कंपनीचा फोन वापरणारा कोणीतरी नातेवाईक असतोच, त्याच्या फोनवर लावून बघा. दुसरं, ते एटमॉस-बिटमॉस, सराउंड, व्हर्च्युअल अमुकतमुक नवीन फोनमध्ये आधीच चालू करून दिलेलं असतं. सिनेमाला ठीक आहे. तानपुऱ्याला लावलं की तानपुरा डोक्याभोवती गरगर फिरतो. बंद करा. प्लेअर म्हणाल तर व्हीएलसी फुकट आहे आणि काहीही वाजवतो.

आणि एक सेटिंग, जे मला काकांमुळे सापडलं. त्यांना माझा फोन आणि इयरफोन लावून दिले, डोळे मिटून ऐकत बसले, पाचेक मिनिटांनी म्हणतात,

"अगं, हा तबलजी झोपलाय का गं? हात हलवतोय की नाही?"

"काका, वाजतोय की तबला! डावीकडे ऐका."

"डावीकडे काय ऐकू, तो कान कधीच पेन्शनीत गेलाय."

तर झालं असं होतं की ते रेकॉर्डिंग होतं सुरुवातीच्या स्टिरिओच्या काळातलं, तेव्हा लोकांना स्टिरिओची एवढी हौस होती की तबला पूर्ण एका बाजूला आणि गवई पूर्ण दुसऱ्या बाजूला. काकांच्या डाव्या कानाला कमी येतं, त्यामुळे तबला गायबच. अँड्रॉइडमध्ये अॅक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ चालू करा, दोन्ही बाजूंचं एकत्र होऊन दोन्ही कानांत जातं, आयफोनमध्येही तिथेच आहे. खाली एक पट्टी असते, ती सरकवून एका कानाला जास्त आवाज देता येतो. मी चालू केलं आणि काका एकदम सरसावून बसले, मांडीवर बोटं सुरू, मग सम आली तेव्हा हात असा उचलला की चहाचा कप लवंडता लवंडता राहिला. घरात सत्तरीपुढचं कोणी गाणं ऐकणारं असेल तर त्यांच्यासाठी महागडा फोन घेण्याआधी ही पट्टी सरकवून बघा.

रियाज करणाऱ्यांसाठी थोडंसं. तानपुऱ्याचं अॅप ब्लूटूथवर लावलं तर काही बिघडत नाही. पण फोनवरच्या पेटीची पट्टी दाबून सूर घ्यायचा असेल तर बोट आणि आवाज यात अंतर पडतं, वैताग येतो, तिथे वायरच. तानपुऱ्यासाठी एखादा बरा ब्लूटूथ स्पीकर वेगळा ठेवावा, फोनच्या स्पीकरवरच्या तानपुऱ्याला खर्ज नसतो हे वर झालंच.

म्हणून म्हणते कानावर खर्च करा. फोनच्या किमतीच्या दहावा हिस्सा तरी. हल्ली चिनी कंपन्यांचे वायरवाले इयरफोन, ज्यांना आयईएम म्हणतात, दीड-दोन हजारांत असे येतात की दहा वर्षांपूर्वी त्याला दहा हजार पडले असते. घेताना दोन गोष्टी. ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा बघा, सोळा ते बत्तीसच्या आसपासचे फोनवर आरामात वाजतात, तीनशे ओहमचे स्टुडिओवाले हेडफोन भावाने अमेरिकेहून आणले म्हणून फोनला लावू नका, मुंगी बोलल्यासारखा आवाज येईल. आणि वायर निघणारी हवी, म्हणजे तुटली तर फक्त वायर बदलायची. कानातलं रबर योग्य मापाचं बसलं नाही तर सगळा खर्ज बाजूने गळून जातो, पाकिटात तीन मापं उगाच देत नाहीत, तिन्ही घालून बघा. आमच्या ऑफिसमधला एक जण नवीन इयरफोनला बेसच नाही म्हणून परत करायला निघाला होता, मी रबर बदलून दिलं, आता मलाच बेस जास्त आहे म्हणून सांगतो.

मी शेवटी काय घेतलं? सोळा हजारांतला, जॅक आहे, कार्ड आहे, एफएम आहे, कानात सूं नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, सहा महिन्यांत ते दुकानातून जातं आणि मग लोक मला फोन करून विचारतात की ते मिळत नाही, दुसरं सांग. कॅमेरा यथातथाच आहे. मागच्या महिन्यात चुलत बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकले तर वहिनीने विचारलं, धुकं होतं का गं हॉलमध्ये? भाचा म्हणतो मावशी, ह्याच्यावर गेम पण अडकते. अडकू दे, बरंच आहे, निदान माझा फोन तरी माझ्या हातात राहतो.

एकच अडचण उरलीय. माझ्या आवडत्या जुन्या हेडफोनची वायर निघणारी नाही, आणि पिनपाशी आतून तुटलीय, वाकवून धरली की दोन्ही कान वाजतात, सोडली की उजवा जातो. जेलरोडला तिघांना विचारलं, तिघेही म्हणाले नया ले लो. पूर्वी राजवाड्याच्या मागे एक जण रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, डाग देऊन पाच मिनिटांत पिन बदलून द्यायचे, त्यांचं दुकान आता बंद दिसतं. इंदूरात ३.५ ची पिन नीट बदलून देणारा कोणी माहीत असेल तर पत्ता कळवा, सुदामानगर-अन्नपूर्णा बाजूला असेल तर फारच उत्तम.